सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी ओटीपोटात-माकडहाडात-जांघेत दुखतंय : तुमचे अनुभव लिहा (अनुभव धागा)

सावद्याचा पावतीवाला

मी सावद्याला केळी खरेदी-विक्रीच्या एका ग्रुपवर पावत्या लिहितो. म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास बूड टेकून बसणं हीच नोकरी. 2019 च्या पावसाळ्यात लघवीची जागा आणि संडासची जागा यांच्या मधे जळजळ सुरू झाली, मग ती ओटीपोटात गेली, मग जांघेत, आणि बसलं की असं वाटायचं की खाली कच्चं लिंबू ठेवलंय आणि त्याच्यावर मला बसवलंय. डॉक्टर म्हणाले प्रोस्टेटला, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीला सूज. सिप्रोचा कोर्स. उतरलं नाही म्हणून दुसरा, मग लेव्हो, मग डॉक्सी. लघवीचं कल्चर तीनदा केलं, तिन्ही वेळा एकही जंतू उगवला नाही, तरी चिठ्ठीवर अँटिबायोटिक हायेच. दोन वर्षांत सात कोर्स झाले भो, पोटाची वाट लागली ती वेगळीच.

मग रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचायला लागलो. तेव्हा कळलं की अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने 1995 लाच प्रोस्टेटायटिसचे, म्हणजे या सुजेचे चार प्रकार पाडलेत, त्यातला तिसरा म्हणजे जिथे जंतू सापडतच नाही पण दुखतं, आणि दहातले नऊ पेशंट त्याच खान्यात. 2004 ला 196 पुरुषांवर ट्रायल झाली, कोणाला सिप्रो, कोणाला टॅमसुलोसिन (लघवी मोकळी करायची गोळी), कोणाला दोन्ही, कोणाला नुसती खोटी, औषध नसलेली गोळी, सहा आठवडे. फरक? खोट्या गोळीइतकाच. 2008 ला तशाच अल्फुझोसिन गोळीची झाली 272 जणांवर, तिथेही तेच. हे वाचून एखाद्याला निराशा येईल, मला उलट हायसं वाटलं. औषध लागू पडलं नाही याचा अर्थ मी पथ्य पाळलं नाही असा नव्हता ना. माझं म्हणणं असं की या दुखण्यात 'उपयोग नाही' असं सांगणारा अभ्यासच जास्त कामाचा, कारण तो आठवा कोर्स वाचवतो. (थंडी वाजून ताप, लघवी अडकणं, हे असेल तर हा शहाणपणा करू नका, तो पहिला प्रकार, तिथे लगेच दवाखाना.)

आता मी महिन्यातून एकदा एनआयएचचीच प्रश्नावली भरतो, 43 पैकी मार्क, जास्त म्हणजे वाईट. जुन्या पावतीबुकाच्या मागे लिहून ठेवतो. 27 होते, आता 16. 6 ने कमी झाले की अभ्यासात त्याला फरक पडला असं धरतात.

बाई असो बुवा असो, आपल्या खान्देशातल्यांनी खास लिहा. काय केलं, काय फुकट गेलं, कुठे कमी झालं.

अखाजीची लेक

भाऊ, माहेर शिरपूर तालुक्यात, सासर धुळ्याला. पाळीचं दुखणं चौदाव्या वर्षापासून, आणि विसाव्यानंतर पाळी नसतानाही. संडासला बसलं की पाठीतून सुरी फिरल्यासारखं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या पोरी झोक्यावर आणि मी घरात गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलेली, आई खापरावर मांडे करता करता दर थोड्या वेळाने येऊन बघून जायची, बोलायची काहीच नाही. सोनोग्राफी चार वेळा नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाल्या लग्न झालं की थांबेल. लग्न झालं. मग म्हणाल्या एक बाळ झालं की थांबेल. बाळ राहीना! सासूबाई अहिराणीत म्हणायच्या, "आमनं बी दुखे, आम्ही कधी दवाखाना देखा नही." त्यांना वाईट म्हणत नाही मी, त्यांचं खरंच दुखत असणार.

शेवटी नाशिकला दुर्बिणीने बघितलं तर एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर, आतड्याच्या जवळ. अकरा वर्षं गेली त्यात. जगात बाळंतपणाच्या वयातल्या साधारण 10 टक्के बायांना हे असतं म्हणे, मग आपल्या गल्लीत मी एकटीच कशी? आता डायनोजेस्ट ही हार्मोनची गोळी चालू आहे, दुखणं निम्म्यावर. नव्या पोरींसाठी एक सांगते, 2022 मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचना बदलल्या, आधी दुर्बीण घातलीच पाहिजे असं आता नाही, लक्षणांवरून औषध सुरू करून बघता येतं. आणि सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे रोग नाही असंही नाही. मला हे कोणी बारा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

ब्रेक व्हॅन

भुसावळ. मालगाडीचा गार्ड, म्हणजे आता ट्रेन मॅनेजर, नाव बदललं सीट तीच. इगतपुरीपर्यंत हादरे खात जायचं. माझी गंमत ऐका, कुठेही बसलं की आग व्हायची पण कमोडवर बसलं की बरं वाटायचं. घरचे हसायचे. मुंबईच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर ते हसले नाहीत, म्हणाले हीच तर खूण आहे. प्युडेंडल नावाची बैठकीच्या भागातली नस दबते. बसल्यावर वाढतं, रात्री झोपेतून उठवत नाही, आणि नसेपाशी बधिर करायचं इंजेक्शन दिलं की तेवढा वेळ थांबतं. 2008 मध्ये फ्रान्सच्या नांत शहराच्या नावाने हे निकष ठरलेत. इंजेक्शन दोनदा झालं, सीट बदलली, दुखणं आहे पण आता ड्युटी निघते.

अभ्यासिका

अमळनेर, वय 24, एमपीएससी. घरी कोणालाच सांगितलं नाही, हे पहिल्यांदाच कुठे लिहितोय. एसटी स्टँडमागच्या भिंतीवर ती गुप्तरोगाची जाहिरात असते ना, तिथे गेलो होतो. साडेचार हजाराची पुडी आणि वर भाषण, की लहानपणीच्या चुका भोगतोय. सहा महिने मी स्वतःलाच शिव्या देत होतो. मग व्हिडिओ बघून केगल, म्हणजे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम सुरू केला, रोज दोनशे, आणि दुखणं डबल झालं. जळगावला एका फिजिओ मॅडमनी तपासल्यावर कळलं की माझे खालचे स्नायू ढिले नाहीत, उलट मूठ आवळल्यासारखे घट्ट आहेत, आणि मी ती मूठ अजून आवळत होतो. आता उलटं काम. उताणं झोपून, गुडघे वर, पोट फुगवून श्वास घ्यायचा आणि श्वासाबरोबर खालचा भाग सोडायचा, लघवी सोडताना सोडतो तसा. पहिले तीन आठवडे काहीच नाही झालं, काबरं करतोय हे असं वाटायचं. चौथ्या आठवड्यात एका पेपरला दोन तास सलग बसलो.

या फिजिओवर अभ्यास आहे, 2012 चा, 81 बायांवर, मूत्राशयाचं दुखणं असलेल्या. स्नायू मोकळे करायची खास पद्धत घेतलेल्यांपैकी 59 टक्क्यांना बरं वाटलं, साध्या मसाजवाल्यांपैकी 26. मी ना बाई ना माझं मूत्राशयाचं, तरी मला तेवढा आधार पुरला.

कापूसवालीची पोर

आई सांगतेय, मी टाइप करतेय. तळोद्याकडचे आम्ही. कापूस वेचताना वाकलं की ओटीपोटात कळ यायची तर गावातल्या दवाखान्यात सांगितलं पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. 36 व्या वर्षी काढली. दोन बैल विकले. कळ अजून तिथेच आहे. कॅन्सर बिन्सर काहीच नव्हतं असं नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी कागद बघून सांगितलं. आई विचारते, पिशवीच नाही तर दुखतंय काय?

अखाजीची लेक

मावशींना सांग, दुखणं पिशवीतच असतं असं नाही, स्नायू, नसा, आतडी, जुनी जखम, कशातूनही येतं, आणि खूप वर्षं दुखलं की मेंदूलाच त्याची सवय लागते. धुळ्याला किंवा नाशिकला मोठ्या सरकारी दवाखान्यात दाखवा, सगळे जुने कागद न्या, आणि टीबीची तपासणी झालीये का तेही विचारा, आपल्याकडे बायांच्या आतल्या भागात टीबी निघतो.

जामनेर रोड

मला डॉक्टरांनी गॅबापेन्टिन (नसांच्या दुखण्यावर देतात ती गोळी) दिलंय. पेपरात वाचलं की त्याचा उपयोग नाही. बंद करू का?

सावद्याचा पावतीवाला

ताई, मनाने एकदम बंद करू नका, ते हळूहळूच कमी करावं लागतं. तुम्ही वाचलं ती ब्रिटनची ट्रायल, 2020, 306 बाया, त्यांच्या दुर्बिणीत काही कारण सापडलं नव्हतं. गोळीने खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा नाही आणि गुंगी-चक्कर जास्त, हे खरं. पण तुम्हाला कशासाठी दिलंय ते आधी विचारा, नसेचं दुखणं असेल तर गोष्ट वेगळी.

गार्ड साहेब, तुमच्या सीटचं नीट सांगा ना. मी गादीवाल्याकडून मधे गोल भोक पाडलेला फोम आणला, त्याच्यावर तर जास्त दुखतं.

ब्रेक व्हॅन

गोल भोक नकोच. कडा बरोब्बर नसेवर येते. मागून उघडा पाहिजे, घोड्याच्या नालासारखा, मधली चिर चार बोटं रुंद, आणि फोम कडक घ्या, चार इंची. मऊ असला की दुपारपर्यंत बसून जातो. गादीवाल्याला कागदावर काढून द्या, नाहीतर तो परत गोलच कापेल.