एफएमआरआयमधला (मेंदूचं काम दाखवणाऱ्या चुंबकीय स्कॅनमधला) लाल-पिवळा भाग म्हणजे नेमकं काय?

बारावीला जीवशास्त्र शिकवते. त्या रंगीत ठिकाणी पेशी 'पेटलेल्या' असतात का?

— नाही ताई. यंत्र पेशींचं काम थेट टिपत नाही, रक्तातला बदल टिपतं. कामात असलेल्या भागाकडे प्राणवायू भरलेलं रक्त जास्त धावतं, चुंबकीय संकेत बदलतो. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावांनी १९९० मध्ये हे दाखवलं. पेशींचं काम मिलिसेकंदांत होतं, रक्ताचा प्रतिसाद शिगेला पोचायला पाच-सहा सेकंद. रंग संगणक आकडेमोडीवरून भरतो.

— मुलांना मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांचा २००६ चा प्रयोग जरूर सांगा. अपघातानंतर काहीच प्रतिसाद न देणाऱ्या तरुणीला 'टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर' म्हटलं, आणि निरोगी माणसांत हालचालीची कल्पना करताना जागा होतो तोच भाग तिच्यातही जागा झाला!

— म्हणजे तिला ऐकू येत होतं? अंगावर काटा आला. उद्या हाच तास घेते.