विषय: व्हॅलेन्सियाला येतोय – हवा, सण, घर

प्रेषक: आइंडहोवनहून, लवकरच तुमच्यात

नमस्कार मंडळी,

जानेवारीच्या अखेरीस स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला बदली होतेय. मी, बायको आणि आठ वर्षांची लेक. मार्चमध्ये आई पुण्याहून तीन महिने राहायला येणार आहे. ऑफिसने एक माहितीपुस्तिका पाठवलीय, तिच्यात ‘वर्षाला तीनशे दिवस ऊन’ हे वाक्य तीनदा आहे आणि बाकी सगळे फोटो.

तिथे राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा. हिवाळ्याचे जाड कपडे इथेच वाटून टाकावेत का? कोणते सण चुकवू नयेत? आणि समुद्रापासून चालत जाण्याइतकं जवळ घर घ्यायची आमची फार इच्छा आहे, तो शहाणपणा आहे का? आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही.

आगाऊ धन्यवाद.

---

प्रेषक: बेनिमाक्लेतून

नमस्कार, आणि स्वागत.

जाड कपडे वाटू नका. ऊन आहेच, त्यात पुस्तिकेची काही चूक नाही. जानेवारीतही दुपारी १६-१७ अंश असतात आणि लोक फुटपाथवर खुर्च्या टाकून कॉफी पीत बसलेले दिसतात. हुडहुडी भरते ती घरात. इथल्या जुन्या इमारती उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधल्यात : सगळीकडे फरशी, खिडक्यांना गुंडाळून वर घ्यायची शटरं, आणि सेंट्रल हीटिंग बहुतेक ठिकाणी नाहीच. तुम्ही हॉलंडमध्ये बाहेर कोट आणि घरात टीशर्ट घालता, इथे त्याच्या उलट करावं लागतं. घर बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हीटिंगचा विचारा, समुद्राचा नंतर.

उन्हाळ्यात ऑगस्टचं कमाल तापमान सरासरी तिशीच्या आसपास. आकडा ऐकून हसाल, पण हवा दमट असते आणि रात्रीही अंगाला चिकटते. समुद्राकडून येणारा वारा म्हणजे लेवांते, तो दमट पण सुसह्य. पश्चिमेच्या पठारावरून उतरणारा तो पोनिएन्ते. हा सुटला की दोन-तीन तासांत हवा भट्टीसारखी होते. १० ऑगस्ट २०२३ ला विमानतळावर ४६.८ अंश नोंदले गेले ते त्याच वाऱ्यामुळे. असे दिवस वर्षातून मोजकेच असतात, त्या दिवशी शटरं पाडून घरात बसायचं.

आता पाऊस. वर्षाला सरासरी साधारण ४५० मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. पण तो आपल्यासारखा महिनोन्‌महिने पडत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर या दिवसांत भूमध्य समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो. त्याच सुमारास कधी कधी वर थंड हवेचा एक गोळा सुटा होऊन अडकून बसतो, आणि समुद्राची सगळी वाफ पूर्वेच्या वाऱ्याबरोबर मागच्या डोंगरांवर जाऊन आदळते. याला पूर्वी ‘गोता फ्रीया’ म्हणत, आता ‘दाना’ म्हणतात. २९ ऑक्टोबर २०२४ ला चीवा गावात आठ तासांत ४९१ मिलिमीटर पडला. वर्षाचा पाऊस एका कामाच्या दिवसात. दोनशेवीसहून अधिक माणसं गेली.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही, घर शोधायला सांगतेय. त्या दिवशी पायपोर्ता गावात पाऊस जवळजवळ नव्हताच. वरच्या भागात पडलेलं पाणी एरवी कोरड्या असणाऱ्या पोयोच्या ओढ्यातून संध्याकाळी खाली आलं. मोबाइलवर इशारा वाजला तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते आणि कित्येकजण तळघरातली गाडी वर काढायला उतरले होते. मूळ शहर मात्र वाचलं, कारण १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये तूरिया नदी शहरात घुसून किमान ८१ माणसं दगावली, त्यानंतर नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात टाकली होती. त्या नव्या पात्राच्या अलीकडे कोरडं आणि पलीकडे चिखल. पलीकडे शहराचीच ला तोर्रेसारखी वस्तीही आहे, ती बुडाली. दुसऱ्या दिवसापासून हजारो लोक झाडू-फावडी घेऊन पादचारी पुलावरून चालत पलीकडे जात होते. आमच्या गल्लीतल्या दुकानांत झाडू उरला नव्हता.

आणि जुनं पात्र? सरकारचा विचार तिथे हमरस्ता करायचा होता. लोकांनी हट्ट धरला की हे पात्र आमचं आहे आणि आम्हाला ते हिरवं हवंय. आज तिथे शहराच्या मधून जाणारी सुमारे नऊ किलोमीटरची बाग आहे, वरून जुने दगडी पूल तसेच, आणि टोकाला वास्तुकार कालात्रावा यांची ती पांढरी सायन्स सिटी. पुस्तिकेत फोटो बहुतेक तिचेच असतील. तुमच्या लेकीला सायकल घ्या. सिग्नल न लागता पार टोकापर्यंत जाता येतं.

सणांचं म्हणाल तर ‘फायास’ आधी. १५ ते १९ मार्च, २०१६ पासून युनेस्कोच्या यादीत. मराठी माणसाला हा सण समजावून सांगावा लागत नाही. गल्लीगल्लीत मंडळ, मंडळाची खोली, वर्षभर वर्गणी, वर्षभर राबणारे कारागीर, चौकात उभा राहणारा देखावा, त्यात पुढाऱ्यांची टिंगल, आणि शेवटी सगळं विसर्जन, फक्त पाण्याऐवजी आगीत. अशी साडेतीनशेहून जास्त मंडळं आहेत आणि प्रत्येकाचा एक मोठा, एक मुलांचा देखावा. म्हणजे सातशेहून अधिक. मोठ्या मंडळांचे देखावे पाच-सहा मजल्यांएवढे उंच, खर्च लाखांत, युरोमध्ये.

देखाव्यातल्या प्रत्येक बाहुल्याला ‘निनोत’ म्हणतात. आधी त्यांचं प्रदर्शन भरतं, लोक मतं देतात आणि पसंतीचा निनोत आगीतून वाचतो. ही माफी १९३४ पासून चालू आहे. वाचलेले सगळे फायेरो संग्रहालयात ओळीने उभे आहेत. मला खुद्द सणापेक्षा ते संग्रहालय आवडतं. दशकादशकाला लोकांना कशाचं हसू आलं आणि कशाचा राग, ते चालत चालत दिसतं. सुरुवातीचे मेणाचे चेहरे इतके हुबेहूब आहेत की जरा दचकायला होतं.

१ मार्चपासून रोज दुपारी दोनला नगरपालिकेच्या चौकात ‘मास्क्लेता’ होते. भर उन्हात फटाके, बघण्यासारखं काहीच नाही, नुसता आवाज. पण तो आवाज रचलेला असतो : हळू सुरुवात, मग लय, मग शेवटचा ‘तेर्रात्रेमोल’, ज्यात छातीचा पिंजरा हलतो. शंभर किलोहून जास्त फटाक्यांची दारू पाच-सहा मिनिटांत उडते. जाणकार मंडळी नंतर कोपऱ्यावर उभी राहून आजच्या आतषबाजीवाल्याने मधला ठेका कसा घालवला यावर वाद घालतात.

१७-१८ ला पारंपरिक रेशमी पोशाखातल्या बायका-पुरुषांच्या मिरवणुका फुलं घेऊन मेरीमातेच्या चौकात येतात आणि त्या फुलांतून तिचा झगा विणला जातो. ही एकच गोष्ट बघायची झाली तर आईंना ही दाखवा. १९ च्या रात्री ‘क्रेमा’. आधी मुलांचे देखावे जळतात, मग मोठे. तुमच्या गल्लीतलाच बघा. मोठ्या चौकात तीन तास उभं राहून फक्त पुढच्याचा मोबाइल दिसतो.

---

प्रेषक: रुसाफातून

ताईंचं लिखाण नेहमीप्रमाणे सुंदर. आता दुसरी बाजू.

रुसाफात माझ्या खिडकीखाली मंडळ आहे. सकाळी आठला ‘देस्पेर्ता’, म्हणजे बँड आणि फटाके लावत फिरणारी मंडळी, तुम्हाला उठवायला. पहाटे चारपर्यंत स्पीकर. रस्ते बंद, बस वळवलेल्या, कचरा पोत्यांनी. शिवाय हल्ली देखावे बहुतांशी पांढऱ्या थर्माकोलसारख्या फेसाचे असतात आणि ते जळताना जो काळा धूर निघतो तो परंपरा म्हणून गोड मानायची माझी तयारी नाही. पूर्वी लाकूड, पुठ्ठा, मेण होतं. पुन्हा लाकूड आणि भाताच्या पेंढ्याकडे वळणारे काही कारागीर आहेत, त्यांचं काम मुद्दाम शोधून बघा. मी दरवर्षी १६ तारखेला गाव सोडतो.

शांतपणे आवडण्यासारखे सण वेगळे आहेत. २३ जूनच्या रात्री सान हुआन : माल्वारोसाच्या वाळूत शेकोट्या, मध्यरात्री पाय बुडवून लाटांवरून उड्या. ईस्टरच्या आठवड्यात काबान्यालच्या कोळीवाड्यातल्या मिरवणुका, त्या समुद्रापर्यंत जातात. जुलैच्या शेवटी आलामेदा नावाच्या रस्त्यावर फुलांची लढाई, रथातून आणि प्रेक्षकांतून झेंडूची फुलं फेकतात, १८९१ पासून. झेंडू! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दसऱ्याच्या बाजारभावाचा हिशेब मनात सुरू झाला. आणि ९ ऑक्टोबर, राजा जाउमे पहिला १२३८ मध्ये शहरात शिरला तो दिवस. त्या दिवशी पुरुष बायकोला किंवा प्रेयसीला रुमालात बांधून बदामाच्या पिठाची रंगीत फळं देतात.

टोमॅटोबद्दल कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच : ती टोमॅटो फेकायची तोमातीना व्हॅलेन्सियात नाही, ४० किलोमीटरवरच्या बुन्योलला असते, ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी, तिकीट काढून. हिंदी सिनेमा बघून येणाऱ्या पाहुण्यांना मला दरवर्षी तिकडे घेऊन जावं लागतं.

---

प्रेषक: ही ईमेल-यादी सांभाळणारी

फायासच्या धुरावर मागच्या वर्षी चाळीस उत्तरं आली होती. यंदा कृपया इथेच थांबू.

शाकाहाराचं मी सांगते. पाएया म्हणजे इथला भाताचा पदार्थ, त्यात मूळचे कोंबडी आणि ससा, कधी गोगलगायही. भाज्यांची पाएया मिळते, पण भात कशाच्या पाण्यात शिजवलाय ते विचारायचं, नाहीतर कोंबडीचा रस्सा असतो. आणि ती दुपारीच खायची. रात्री पाएया देणारं हॉटेल पर्यटकांसाठी आहे असं समजा. तांदूळ शहराबाहेरच्या आल्बुफेरा सरोवराकाठचा. मे महिन्यात पेरणी, सप्टेंबरात कापणी. हिवाळ्यात खाचरांत पुन्हा पाणी सोडतात तेव्हा २४ नंबरच्या बसने तिथल्या एल पाल्मार गावाला जा, सूर्यास्ताच्या जरा आधी.

आईंना ओर्चाता नक्की पाजा. शेजारच्या आल्बोराया गावच्या मातीत होणाऱ्या चुफा नावाच्या कंदाचं दूध, थंडगार, त्यात दुधाचा थेंब नाही. सोबत बुडवायला फार्तोन नावाचा लांबट पाव देतात, तो मात्र अंडं घालून करतात, तेव्हा नुसती ओर्चाताच. फायासमध्ये भोपळ्याचे तळलेले बुन्युएलो मिळतात, तेही विचारून घ्या. भाजी घ्यायला सेंट्रल मार्केट, १९२८ ची इमारत, आत मान वर करून चालाल.

---

प्रेषक: आइंडहोवनहून

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन घरं नजरेत आहेत. एक काबान्यालमध्ये, तळमजला, समुद्र पाच मिनिटांवर, बाहेरून सुंदर टाइल्स. दुसरं दक्षिणेला एका गावात, नवीन इमारत, तळघरात पार्किंग, भाडं बरंच कमी. एजंट म्हणतो, ‘इथे पुन्हा पन्नास वर्षं काही होणार नाही.’

---

प्रेषक: बेनिमाक्लेतून

एजंटला ढगांची माहिती कुठून मिळते ते विचारा, आम्हालाही हवी आहे.

इथल्या प्रादेशिक सरकारचा पूरधोक्याचा आराखडा आहे, ‘पात्रिकोवा’. त्याचे नकाशे सगळ्यांना बघता येतात. दोन्ही पत्ते त्यात टाका. शरद ऋतूत हवामान खात्याचा, म्हणजे आएमेतचा, नारिंगी किंवा लाल इशारा आला की गाडीची चिंता करायची नाही आणि तळघरात उतरायचं नाही, हे लेकीलाही शिकवून ठेवा. शाळांत आता तेच सांगतात.

काबान्यालबद्दल माझा कल आहे, लपवत नाही. जुन्या कोळ्यांची वस्ती, सगळ्या गल्ल्या समुद्राला समांतर. एका मोठ्या रस्त्यासाठी तिच्या मधोमध पाडापाडी व्हायची होती. रहिवासी जवळजवळ दोन दशकं भांडले आणि २०१५ मध्ये ती योजना मागे पडली. आता उलटा त्रास आहे, पर्यटकांच्या भाड्यांमुळे किमती चढल्यात. पण तळमजला नको. भिंती खारट हवेने फुगतात आणि कपाटात कपडे बुरसतात. त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर बघा आणि एक डीह्युमिडिफायर घ्या. काबान्यालला जमलं नाही तर बेनिमाक्ले, तिथून ट्राम समुद्रावर जाते.

आईंसाठी एक राहिलंच. गुरुवारी दुपारी बाराला कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारात पाणी न्यायालय भरतं. काळ्या झग्यातले शेतकरी गोल बसतात, आठ कालव्यांची नावं एकेक करून पुकारली जातात, कोणाचं पाण्याचं भांडण असेल तर तिथल्या तिथे तोंडी निकाल. वकील नाही, कागद नाही. रीत अरबांच्या काळापासूनची मानतात. बहुतेक गुरुवारी भांडण नसतं आणि दोन मिनिटांत सगळे उठतात, म्हणून पावणेबारालाच पोहोचा.

आणि त्यांचं तिकीट २० मार्चनंतरचं काढा.

---

प्रेषक: आइंडहोवनहून

तिकीट १४ मार्चचं आहे आणि बदलता येत नाही. आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, ‘लग्नानंतर तीस गणपती लक्ष्मी रोडवर काढलेत मी. त्या रुसाफाच्या काकांना सांग, गाव सोडणार असतील तर किल्ली देऊन जा.’

---

प्रेषक: रुसाफातून

किल्ली शेजारच्या बेकरीत ठेवतो. कानात घालायचे बोळे स्वयंपाकघरातल्या पहिल्या खणात आहेत. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी.