ऑपरेशननंतर चिनी सुया (अॅक्युपंक्चर): घ्याव्यात की नकोत?

मैत्रेयी (हाँगकाँग): पोटाचं ऑपरेशन झालं की राउंडला पहिला प्रश्न ठरलेला: 'गॅस पास झाला का?' आतडी हाताळली की काही काळ हलेनाशी होतात, पोट नगाऱ्यासारखं ताणतं. १९७१ च्या जुलैत पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग) न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्स काढलं. दुसऱ्या रात्री ह्याच त्रासासाठी त्यांच्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या. तासाभरात आराम पडला, असं त्यांनीच लिहिलंय. भूल मात्र नेहमीची, इंजेक्शनचीच होती. सुयांच्या भुलेवर ऑपरेशन झालं, ही नंतर पसरलेली दंतकथा.

पुढे इथल्या चायनीज युनिव्हर्सिटीने १६५ रुग्णांवर चाचणी केली. सगळ्यांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन झालेलं. ज्यांच्या सुयांना बारीक करंट जोडला त्यांना शौचाला सुमारे ८६ तासांनी झाली, ज्यांना सुया दिल्याच नाहीत त्यांना १२२ तासांनी. दीड दिवसाचा फरक! मग सर्जनच्या जोडीला सुईवाला का नको?

भूलतज्ज्ञ: ताई, मधला आकडा राहिला. त्याच चाचणीत खोट्या, म्हणजे नुसत्या दिखाव्याच्या सुया दिलेल्यांना सुमारे १०८ तास लागले. म्हणजे तुमच्या दीड दिवसातले चौदा-पंधरा तास खोट्या सुयांनीही वाचले! आता आम्ही रुग्णाला लवकर चालवतो, लवकर खायला देतो, मॉर्फिन कमी करतो. त्यानेही आतडी लवकर जागी होतात.

रानवाट: डॉक्टर, उरलेले वीस-बावीस तास तर सुईचेच ना? आणि सुयांवरच का थांबायचं? चीनमधल्या तिआनजिनच्या नानकाई हॉस्पिटलात सर्जन वू शिआनझोंग यांनी पोटाच्या तातडीच्या आजारांत काढे आणि शस्त्रक्रिया यांची सांगड घातली. त्यातल्या एका प्रसिद्ध काढ्यात रेवाचिनी असते, आपल्या आजीच्या बटव्यातली.

भूलतज्ज्ञ: रेवाचिनी रेचक आहे. आतड्याला पीळ पडलेल्या माणसाला रेचक देऊन वाट बघत बसलात तर आतडं सडेल. माझी खरी भीती काढ्यांचीच आहे. परवा एका काकांना विचारलं, 'औषधं काही चालू?' म्हणाले, 'काही नाही.' टेबलवर घ्यायच्या आधी त्यांच्या मुलीने पर्समधून जिन्सेंग या चिनी मुळीची डबी काढली: 'हे औषध नाही, शक्तीचं आहे.' जिन्सेंगने साखर उतरू शकते, रक्त गोठण्यावरही परिणाम होऊ शकतो. ऑपरेशन पुढे ढकललं, घरचे चिडले. ब्रुसेल्समध्ये १९९० च्या सुमारास वजन उतरवायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीऐवजी दुसरीच गेली आणि कितीतरी बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली.

मैत्रेयी (हाँगकाँग): काढ्यांबद्दल मान्य, डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे ते बंदच हवेत, आणि विचारताना 'औषध' न म्हणता 'काढा, चूर्ण, शक्तीचं काही?' असं विचारायला हवं. पण सुईला त्याच पारड्यात टाकू नका. मनगटाच्या आतल्या बाजूला सुई टोचायचा नेइग्वान बिंदू असतो, त्याचं काय?

भूलतज्ज्ञ: तो मीही वापरतो. मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, दोन कंडरांच्या (ताठ दोऱ्यांसारख्या लागतात त्या) मधे. भुलेनंतरच्या मळमळीवर त्याचा उपयोग बऱ्याच चाचण्यांत दिसलाय, म्हणून. पण उलटीचं इंजेक्शन भरून शेजारी ठेवलेलं असतं.