बुश : निर्वाणाची झेरॉक्स की आणखी काही?

निशाचर : लंडनच्या बुश या रॉक बँडचं नाव काढलं की 'निर्वाणाची (म्हणजे अमेरिकेच्या निर्वाणा बँडची) झेरॉक्स' हा शेरा ठरलेला. १९९४च्या एप्रिलमध्ये निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन गेला, त्याच वर्षअखेरीस बुशचा पहिला अल्बम 'सिक्स्टीन स्टोन' आला, त्यामुळे संशय येणारच. पण माझं मत सरळ आहे: 'रेझरब्लेड सूटकेस' (१९९६) हा त्यांचा सगळ्यात अस्सल अल्बम. पहिला ऐकायला गोड, पण लँगर आणि विन्स्टनली या निर्मात्यांनी तो घासूनपुसून चकचकीत केलाय. तीच जोडी आधी मॅडनेस या पॉप बँडसाठी काम करायची, यातच सगळं आलं.

ढोलकीवाला : अस्सल?? निर्वाणाचा 'इन युटेरो' ज्यानं केला त्या स्टीव्ह अल्बिनीलाच यांनी गाठलं! शेजाऱ्याची भाजी आवडली म्हणून त्याचाच आचारी घरी आणायचा आणि वर म्हणायचं, चव आमची. 'सिक्स्टीन स्टोन'मध्ये निदान गाणी होती. 'एव्हरीथिंग झेन', 'कमडाउन', 'मशीनहेड'. आणि 'ग्लिसरीन'! ड्रम नाहीत, नुसती गिटार आणि व्हायोलिन-चेलो, तरी अंगावर काटा येतो. एकट्या अमेरिकेत ६० लाखांच्या वर खपला, तो काय उगाच?

(स्टोन हे ब्रिटिश वजनाचं माप; सोळा स्टोन म्हणजे साधारण १०१ किलो. माझं वजन विचारू नका.)

निशाचर : खपाचं सोडा हो, खपतं तर काहीही. अल्बिनी स्वतःला निर्माता म्हणवून घेतच नसे, 'ध्वनिमुद्रण' एवढंच श्रेय घ्यायचा. समोर बँड जसा वाजतो तसा टेपवर उतरवायचा, ही त्याची पद्धत. आचारी नव्हे, ताट मांडणारा म्हणा. ड्रमर गुडरिजचा ड्रम खोलीभर घुमतो, गायक रॉसडेलचा आवाज गिटारींच्या गर्दीत अर्धा बुडतो. 'रेझरब्लेड'मधलं 'स्वॉलोड' हेडफोनवर ऐका, मग भांडू.

टेम्सकाठचा : एक मुद्दा राहतोय. तेव्हा ब्रिटनमध्ये ब्लर आणि ओएसिस या तिथल्याच बँडांचा धुमाकूळ. या अमेरिकी ढंगाच्या पोरांना घरी कोण विचारतो! 'रेझरब्लेड' अमेरिकेत थेट पहिल्या क्रमांकावर गेला, आणि ब्रिटनमध्ये 'स्वॉलोड' पहिल्या दहात आलं तेव्हा कुठे मायदेशानं मान वळवली. नाव मात्र लंडनच्या शेफर्ड्स बुश भागावरून, म्हणजे पक्के लंडनकर. कॅनडात त्याच नावाचा जुना बँड निघाला, म्हणून तिथे काही वर्षं 'बुश एक्स' म्हणून फिरले बिचारे.

मध्येच_टपकलो : दोघंही चुकताय. झेरॉक्सवाल्यांची तोंडं बंद करतो तो 'द सायन्स ऑफ थिंग्ज' (१९९९). 'द केमिकल्स बिटवीन अस'मधली इलेक्ट्रॉनिक धडधड निर्वाणात कुठे आहे दाखवा. त्याआधी १९९७मध्ये स्वतःचीच गाणी रिमिक्सवाल्यांच्या हवाली केली होती.

ढोलकीवाला : म्हणजे ग्रंज (निर्वाणाच्या धाटणीचं खरखरीत रॉक) ओसरल्यावर नवी लाट पकडली. मुद्दा माझाच झाला की!

मध्येच_टपकलो : मग 'गोल्डन स्टेट' (२००१)? त्यात परत गिटारी आल्या. लाट धरायची असती तर असं कोण करतं? नशीबही फुटकं: 'स्पीड किल्स' हे गाणं ११ सप्टेंबरनंतर नाव बदलून काढावं लागलं. पुढच्या वर्षी बँडच मोडला.

टेम्सकाठचा : आणि २०१०नंतरचे अल्बम? मूळ चौघांपैकी आता एकटा रॉसडेल उरलाय. 'द किंगडम' (२०२०) दणदणीत आहे, पण मूळ गिटारवादक पल्सफर्डची ती वेडीवाकडी गिटार नसेल तर माझ्या लेखी तो बुश नाही.

निशाचर : याला मात्र कडक सहमत. ढोलकीवाले, 'स्वॉलोड' ऐकलंत का?

ढोलकीवाला : ऐकलं. ड्रम चांगलाय. बाकी मत तेच.