‘रेसवे’ला मराठीत काय म्हणावे? वाहिनी, पट्टी, पन्हळ

नकाशानवीस:
आमच्या अंधेरीच्या कार्यालयात अमेरिकेतल्या इमारतींची विद्युत मॉडेले रेव्हिट या इमारत-आराखड्याच्या संगणक प्रणालीत तयार होतात. आयटीआय करून आलेल्या नव्या मुलांसाठी त्या कामाची मराठी टिपणे लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. भिंतीच्या पृष्ठभागावर बसवायच्या, झाकण असलेल्या ज्या चपट्या खोक्यातून तारा नेतात, त्याला तिकडे ‘सरफेस रेसवे’ म्हणतात. टिपणात मी त्याला ‘वाहिनी’ आणि सर्किटला ‘मंडल’ म्हटले. ते वाचून एका मुलाने विचारले, की वाहिनी काढली म्हणजे वीज पोहोचलीच, मग मंडल वेगळे कशाला जोडायचे? रेव्हिटमध्ये वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. तिथे सर्किट हा पॅनेल (वीज वाटून देणारी पेटी) आणि उपकरणे यांच्यातला निव्वळ तार्किक संबंध असतो. रेसवे मुळीच काढला नाही तरी सर्किट पूर्ण होते, आणि सबंध मजलाभर रेसवे काढला तरी त्यामुळे एकही सॉकेट पॅनेलला जोडले जात नाही. हा भेद शब्दांतूनच कळेल अशी जोडी कोणी सुचवील का?

फीडरपिलर:
‘वाहिनी’ तर नकोच. महावितरणच्या सूचनांमध्ये ‘वीजवाहिनी’ म्हणजे ज्यातून वीज खेळते ती लाइन असते, आणि ‘भूमिगत वाहिनी’ म्हणजे जमिनीखालची केबल. रिकाम्या खोक्याला तेच नाव दिले तर उद्या ‘वाहिनी बंद करा’ या वाक्याचा अर्थ झाकण लावा असा घ्यायचा की पुरवठा तोडा असा? ‘मंडल’ही अडचणीचेच आहे. 2005 साली विभाजन होईपर्यंत राज्यात वीज मंडळ होते आणि महावितरणच्या कारभारात परिमंडळ, मंडळ, विभाग ही उतरंड आजही आहे, त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी कचेरीच येते.

शब्दवेल्हाळ:
आपल्याकडे ‘पन्हळ’ हा अस्सल शब्द असताना परभाषेपुढे हात पसरण्याचे कारण काय? संस्कृत ‘प्रणाल’वरून तो आला, कौलारू घराच्या वळचणीला तो शतकानुशतके नांदला, आणि पन्हाळगडाचे नावही याच कुळातले असावे असे माझे फार दिवसांचे मत आहे. ‘वीजपन्हळ’ म्हटले की लांबट, पोकळ, आतून काहीतरी वाहून नेणारी वस्तू आपोआप उभी राहते.

जुनावायरमन:
ज्या वस्तूत पाण्याचा थेंब शिरू नये म्हणून आम्ही जिवाचा आटापिटा करतो, तिला पागोळ्यांच्या पाण्याचे नाव देणे मला पटत नाही. गिरगाव-लालबागच्या चाळींत आम्ही ‘केसिंग-कॅपिंग’ म्हणत आलो आणि गिऱ्हाईक ‘पट्टी’ म्हणत आले. ‘पट्टी मारून द्या’ म्हटले की दोघांनाही समजते. पूर्वी केसिंग सागवानी असे. त्यात दोन खाचा असत, एकीतून फेज आणि दुसरीतून न्यूट्रल जाई, आणि वरून कॅपिंग स्क्रूने बसवत. आता पीव्हीसीचे झाकण अंगठ्याने दाबले की बसते. फोर्टातल्या दगडी भिंतींना झिरी मारता येत नाही, तिथे आजही पट्टीच लागते. नाव तयार असताना नवे घडवायचा अट्टाहास कशाला?

मोजमाप:
‘पट्टी’वर माझा आक्षेप असा, की जुन्या बॅटन वायरिंगमध्येही पट्टीच असे, मात्र तिच्यावर तार उघडी असे आणि ठरावीक अंतरावर पितळी क्लिपांनी धरलेली असे. एक पट्टी तारेला आत घेते, तर दुसरी पाठीवर वागवते; नवशिक्याने कोणती समजायची? अमेरिकेच्या विद्युत संहितेत रेसवे म्हणजे तारा ठेवण्यासाठीच बनवलेला बंदिस्त मार्ग. त्यात कंड्युट, म्हणजे तारा नेण्याची नळी, येतो, पृष्ठभागावरचे धातूचे रेसवे अनुच्छेद 386 मध्ये आणि अधातूचे 388 मध्ये येतात. केबल ट्रे मात्र रेसवे मानला जात नाही, तो केबलचा आधार असतो आणि त्याचा अनुच्छेद 392 वेगळा आहे. ‘पन्हळ’ वरून उघडी असते, म्हणजे न्यायाने तो शब्द ट्रेकडे जायला हवा. आपल्याकडचे मानक आयएस 14927 तर ‘ट्रंकिंग’ म्हणते, मग तोच शब्द देवनागरीत का लिहू नये?

नकाशानवीस:
ट्रेचा उल्लेख झाला ते बरे झाले, कारण अडचण तिथेच वाढते. रेव्हिटमध्ये सरफेस रेसवेसाठी स्वतंत्र वर्ग नाही, त्यामुळे आम्ही केबल ट्रेलाच लहान मापे देऊन तो रेसवे म्हणून काढतो आणि त्याची गोलाईची वळणे बदलून काटकोनी करतो. ट्रे मध्यरेषेने काढला जातो, म्हणून भिंतीकडची जाडी 20 मिलिमीटर असेल तर मध्यरेषा भिंतीपासून 10 मिलिमीटरवर ठेवावी लागते. शिवाय तो भिंतीला बांधलेला नसतो. भिंत सरकवली की तिच्या पृष्ठभागावर बसवलेली सॉकेटे मुकाट्याने बरोबर जातात आणि रेसवे जुन्या जागी अधांतरी राहतो. परिमाणांच्या तक्त्यातही तो केबल ट्रे म्हणूनच उतरतो, तेव्हा प्रकाराच्या नावात ‘रेसवे’ लिहून तक्ता गाळून घ्यावा लागतो.

फीडरपिलर:
सर्किटला शालेय पुस्तकांतला ‘परिपथ’ घ्या, म्हणजे निम्मा प्रश्न मिटेल.

नकाशानवीस:
मिटत नाही. सर्किटची लांबी मोजण्यासाठी रेव्हिट त्याचा एक मार्ग गृहीत धरते, तो सर्व उपकरणांतून जाणारा किंवा सर्वांत दूरच्या उपकरणापर्यंतचा असतो, आणि तो काटकोनात काढला जातो. आपण काढलेल्या रेसवेच्या मागोमाग तो आपोआप जात नाही. दाराच्या चौकटीला वळसा घालून गेलेली तार प्रत्यक्षात लांब असते, पण व्होल्टेज ड्रॉपच्या, म्हणजे तारेच्या लांबीमुळे होणाऱ्या दाबाच्या घटीच्या, हिशेबात कमी लांबी धरली जाते, म्हणून तो मार्ग हाताने सुधारावा लागतो. आता टिपणात ‘परिपथाचा पथ सुधारावा’ असे लिहू का?

शब्दवेल्हाळ:
‘परिपथाचा मार्ग’ लिहा, त्यात बिघडले काय? बाकी उघड्या-झाकलेल्याचा वाद असेल तर ‘झाकपन्हळ’ म्हणा.

जुनावायरमन:
‘पन्हळी’ म्हटले की आमच्या पोरांना पन्हळी पत्राच आठवणार. नाव काहीही ठेवा, पण कोपऱ्याच्या तुकड्यांचे तेवढे वेगवेगळे लिहा: आतला कोपरा, बाहेरचा कोपरा आणि भिंतीवरच सपाट वळणारा. साइटवर माल चुकतो तो तिथेच.

शब्दवेल्हाळ:
भिंतीच्या आतल्या कोपऱ्याला कोकणात ‘कोन’ म्हणतात.

मोजमाप:
कोकणात कुठे? आमच्याकडे तर ‘कोनाडा’ वेगळा, ‘कोपरा’ वेगळा आणि ‘कोन’ फक्त भूमितीत.