मदत हवी आहे: वाचनालयात ई-पुस्तकं द्यायची आहेत. किंडलची देणगी, जुने करार, स्कॅन

कोपरीकर

नमस्कार मंडळी. ठाणे पूर्वेला आमचं नोंदणीकृत सार्वजनिक वाचनालय आहे. सभासद बहुतेक साठीच्या पुढचे. मोबाइलवर अक्षर मोठं करून वाचायची सवय लागल्याने ई-पुस्तकांची विचारणा रोज होते. कार्यकारिणीने हे काम माझ्याकडे सोपवलंय आणि तीन ठिकाणी अडलंय:

१. घोडबंदर रोडचं एक कुटुंब वडिलांच्या पश्चात त्यांचं किंडल (अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं यंत्र) आणि त्यातली दोनशेच्या वर पुस्तकं देणगी म्हणून देऊ पाहतंय. खात्याचा पासवर्डही देतो म्हणतात. घ्यावं का?

२. नौपाड्यातले एक छोटे प्रकाशक ४० पुस्तकांच्या ई-आवृत्त्या आमच्या सभासदांसाठी द्यायला तयार आहेत. लेखकांशी झालेले करार १९८८ पासूनचे, बरेचसे एकपानी. काही लेखक आता हयात नाहीत.

३. कपाटात बाजारात न मिळणारी, कागद तुटायला आलेली पुस्तकं आहेत. ती स्कॅन करून सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकावीत असा आग्रह होतोय.

वर्षाला २५ हजारांच्या आसपास खर्च करू शकतो. कायद्याचं आणि तांत्रिक, दोन्ही बाजूंनी सांगा.

नेरूळचा वाचक

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण ते कुटुंब वाट बघत असेल. पासवर्ड घेऊ नका.

किंडलच्या अटींत स्वच्छ लिहिलंय की पुस्तक विकलं जात नाही, ते वाचायचा परवाना दिला जातो. तो परवाना विकणं, भाड्याने देणं, वाटणं, दुसऱ्याच्या नावे करणं, काहीच चालत नाही. म्हणजे त्या कुटुंबाकडे तुम्हाला देण्यासारखी दोनशे पुस्तकं नाहीतच. खातं बंद झालं की सगळं गेलं. ही नुसती भीती नाही. २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने हक्काच्या वादामुळे जॉर्ज ऑरवेलची पुस्तकं विकत घेतलेल्या वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकली होती. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांना पैसे परत मिळाले, पुस्तकं मात्र उघडेनाशी झाली. आणि २६ फेब्रुवारी २०२५ पासून किंडलची पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची सोयही अ‍ॅमेझॉनने काढून टाकली.

छापील पुस्तकाला हे का लागू नाही? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १४ मध्ये प्रती लोकांसमोर आणण्याचा हक्क मालकाला दिलाय, पण 'आधीच वितरणात आलेल्या प्रती सोडून'. या पाच शब्दांवर रद्दीवाल्यापासून वाचनालयापर्यंत सगळे उभे आहेत. ई-पुस्तक दुसऱ्याला देताना मात्र दरवेळी नवी प्रत तयार होते, आणि प्रत करण्याचा हक्क मालकाचा. युरोपीय न्यायालयानेही डिसेंबर २०१९ मध्ये वापरलेल्या ई-पुस्तकांच्या पुनर्विक्रीबद्दल हाच निकाल दिला.

ई-पुस्तकांवरचं कॉपीविरोधी कुलूप तोडून फाइली काढून घेऊ, असं कोणी सुचवलं तर कलम ६५अ दाखवा. हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. संस्थेच्या नावावर हे नकोच.

यंत्र मात्र आनंदाने घ्या, ती वस्तू आहे. कुटुंबालाच ते आपल्या खात्यातून काढायला सांगा, मग सेटिंग्जमधून रीसेट करा आणि वाचनालयाच्या नावाने नवं, रिकामं खातं उघडून त्यावर नोंदवा. त्यात हक्कमुक्त (कॉपीराइट संपलेली) पुस्तकं ठेवा. कुटुंबाकडे कागदी पुस्तकं असतील तर तीही मागा, ती खरोखरच त्यांची आहेत.

घंटाळी

दुसरा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे, म्हणून जरा सविस्तर. प्रकाशक द्यायला तयार आहेत हे छानच, पण जे द्यायचं ते त्यांच्याकडे आहे का, हे आधी बघावं लागेल. चाळीस करार टेबलावर मांडा आणि दोन ढीग करा. 'अमुक आवृत्ती, इतक्या प्रती' एवढंच लिहिलेले एका बाजूला, 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' असं लिहिलेले दुसऱ्या बाजूला.

पहिल्या ढिगात ई-आवृत्तीचा हक्क लेखकाकडेच आहे, वादच नाही. दुसऱ्या ढिगात गंमत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये अशी भर पडली की करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याला तो करार लागू होत नाही. त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असेल तरच होतो. १९८८ च्या करारात ई-पुस्तकाचा उल्लेख कुठून असणार? ही भर दुरुस्तीच्या आधीच्या करारांना किती लागू, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. तुम्ही त्यात पडूच नका. लेखकाकडून, नाहीतर वारसांकडून, एका पानाचं नवं पत्र घ्या, म्हणजे वाद उरतच नाही. वारस तीन असतील तर तिघांच्याही सह्या हव्यात. एका मुलाने 'माझी हरकत नाही' म्हटल्याने भागत नाही.

पत्राचा मजकूर साधारण असा:

"माझ्या '—' या पुस्तकाची मराठी ई-आवृत्ती तयार करणे, विकणे आणि वाचनालयांना मुदतीच्या परवान्याने देणे यासाठी मी — प्रकाशनास आजपासून ७ वर्षांसाठी, संपूर्ण जगासाठी, अनन्य नसलेली परवानगी देत आहे. ई-आवृत्ती २ वर्षांत प्रसिद्ध न झाल्यास परवानगी संपेल. मानधन निव्वळ जमा रकमेच्या २५ टक्के, दरवर्षी ३० जूनपर्यंत हिशेबासह."

'अनन्य नसलेली' म्हणजे लेखक तीच परवानगी दुसऱ्यालाही देऊ शकतो. यातला प्रत्येक आकडा तुम्ही आपसात ठरवा, पण रकाना रिकामा सोडू नका. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, आणि एका वर्षात हक्क वापरला नाही तर तो आपोआप संपतो, वेगळं लिहिलं असेल तरच टिकतो. कलम ३०अ मुळे हेच नियम परवान्यालाही लागतात. शेवटचा एक वर्षाचा नियम लोकांच्या लक्षात येत नाही: पत्र घेऊन फाइल दोन वर्षं अक्षरजुळणीत पडून राहते आणि तोवर पत्राचा जीव गेलेला असतो.

आणखी एक. लेखकाने सही केली म्हणजे पुस्तकातलं सगळं सुटलं असं नाही. मुखपृष्ठाचा चित्रकार, आतली रेखाचित्रं, दुसऱ्या कोणी लिहिलेली प्रस्तावना, छायाचित्रं, यांचे हक्क वेगळे असू शकतात. अनुवादित पुस्तक असेल तर मूळ भाषेतल्या हक्कधारकाची परवानगी लागते, आणि ती बहुधा छापील आवृत्तीपुरतीच असते. चाळीसमधली अनुवादित पुस्तकं पहिल्या फेरीत बाजूला ठेवा.

प्रकाशकांना हेही विचारा: यातली काही पुस्तकं किंडलवर 'केडीपी सिलेक्ट'मध्ये (ई-आवृत्ती फक्त अ‍ॅमेझॉनवरच विकायची योजना) आहेत का? भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर त्यात नाव घालावं लागतं, म्हणून पुष्कळ जण घालतात. ती योजना ९० दिवसांची असते आणि आपोआप पुढे चालू राहते. त्या मुदतीत ई-आवृत्ती इतरत्र विकता येत नाही. वाचनालयाला देण्याबाबत चालू अटी वाचूनच पुढे जा, नाहीतर नूतनीकरणाची खूण काढून मुदत संपू द्या.

अक्षरजुळारी

फाइलींबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. १९८८ ते २००८ च्या सुमाराची पुस्तकं असतील तर ती पेजमेकरमध्ये (पानं जुळवायची जुनी प्रणाली) श्रीलिपी, आकृती अशा बिगर-युनिकोड, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात नसलेल्या, फॉन्टमध्ये जुळवलेली असणार. त्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केला तर रोमन अक्षरांचा कचरा येतो. शोध चालत नाही, अक्षर मोठं केलं तर ओळ मोडत नाही, मोबाइल वाचून दाखवू शकत नाही. तुमच्या सभासदांना मोठं अक्षर हवंय, तेव्हा नुसती पीडीएफ घेऊ नका. युनिकोड ई-पब मागा, म्हणजे अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळवून घेणारी फाइल.

रूपांतरकाने (जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारं साधन) मजकूर बदलल्यावर ठरावीक जागी चुका राहतात. रफार एक अक्षर पुढेमागे सरकतो. पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते. ओळीच्या शेवटी तोडलेल्या शब्दांतली संयोगचिन्हं परिच्छेदाच्या मधोमध दिसतात. आणि सगळ्यात चिवट चूक म्हणजे 'ऱ्य'चं 'र्य' होणं. 'सह्याद्रीच्या दऱ्या'चा 'सह्याद्रीच्या दर्या' झाला तर शुद्धलेखन तपासणीलाही कळत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. यावर उपाय एकच: फाइलमध्ये 'र्य' शोधा आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी बघा. सूर्य, कार्य, पर्याय सोडून द्या. दुसऱ्या, वाऱ्या, पायऱ्या दुरुस्त करा. दोनशे पानांच्या पुस्तकाला यात एक दुपार जाते, पण ती द्यायलाच हवी.

जुना फॉन्ट ई-पबमध्ये घालू नका, त्याचा परवाना वेगळा असतो. 'मुक्त' किंवा 'नोटो देवनागरी' हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, निर्धास्त वापरा. भाषेच्या नोंदीत मराठीच निवडा. तिथे इंग्रजी राहिलं तर वाचून दाखवणारा आवाज अडखळतो. शेवटी ईपबचेक या तपासणी-साधनाने फाइल तपासून घ्या. ई-आवृत्तीला वेगळा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) लागतो, तो दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून प्रकाशकाला विनामूल्य मिळतो.

कोपरीकर

मनापासून आभार. करारांचे ढीग करायला प्रकाशकांना आजच फोन केला. आता, पत्रं मिळाली असं धरलं तर सभासदांना पुस्तक द्यायचं कसं? मोबाइलवर पाठवलं की ते परत येणार नाही.

नेरूळचा वाचक

तीन मार्ग आहेत. मोठी वाचनालयं एलसीपीसारखी कुलूपपद्धत वापरतात: फाइल एका वाक्यांशाने उघडते आणि मुदत संपली की मिटते, वाचायला थोरियमसारखं फुकट अ‍ॅप चालतं. पण त्यासाठी सर्व्हर आणि प्रमाणपत्र लागतं. ४० पुस्तकांसाठी तो खटाटोप परवडणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक प्रतीवर सभासदाचं नाव आणि क्रमांक छापून फाइल देणं. सोपं आहे, पण ती फाइल कायमची त्याच्याकडे राहते. ही उसनवारी नाही, विक्रीच झाली. प्रकाशकाने तसं मान्य करून तशी किंमत लावली तरच करा.

माझं मत तिसऱ्याला. दोन टॅबलेट घ्या, पुस्तकं त्यातच ठेवा आणि पुस्तकासारखं यंत्रच अनामत घेऊन घरी द्या. फाइल तुमच्याच ताब्यात राहते आणि ज्येष्ठांना अ‍ॅप शिकवायची कटकट नाही. २५ हजारांत दोन साधे टॅबलेट आणि प्रकाशकांचं पहिल्या वर्षाचं शुल्क बसावं.

प्रकाशकांशी कराराचा कागद करताना हे त्यात हवंच: एका वेळी किती वाचक, किती यंत्रांवर, किती वर्षं, एक सुरक्षित प्रत ठेवायची मुभा, आणि मुदतीनंतर फाइल पुसायची की ठेवायची. प्रकाशन बंद पडलं तर परवाना चालू राहील, हे वाक्य आवर्जून घाला. छोट्या संस्थांच्या बाबतीत तेच आधी घडतं. 'इतक्या वेळा दिलं की संपलं' अशी अट आली तर घासाघीस करा. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये वाचनालयांना २६ वेळांची मर्यादा घातली होती आणि त्यावर मोठा गदारोळ झाला होता. एकदा पैसे, एका वेळी एक वाचक, लेखकाच्या पत्राची मुदत असेपर्यंत. ही अट छोटे प्रकाशक अनेकदा मान्य करतात, विचारून बघा.

घंटाळी

तिसऱ्या प्रश्नावर: व्हॉट्सअ‍ॅप गटाला ठाम नकार द्या. पुस्तक बाजारात मिळत नाही म्हणजे हक्क संपला असं नाही. कलम ५२ मध्ये बिगर-व्यावसायिक सार्वजनिक वाचनालयाला दोन सवलती आहेत. आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती डिजिटल साठवता येते. आणि भारतात विक्रीला उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या वाचनालयाच्या वापरासाठी जास्तीत जास्त तीन प्रती करता येतात. म्हणून ३०० डीपीआयने स्कॅन करा, जपून ठेवा, पण वाटू नका. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्हने 'कागदी प्रत एक, तर उसनी स्कॅनही एक' अशी पद्धत चालवली होती. ती सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने अमान्य केली.

खरा मोकळा माल वेगळा आहे. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजा. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त. गडकरी, हरिभाऊ आपटे तर कधीचेच. आचार्य अत्रे १९६९ चे, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत थांबा. मरणोत्तर पहिल्यांदा छापलेलं लेखन असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजायची. मुक्त पुस्तक स्कॅन करताना जुनी आवृत्ती घ्या. अलीकडच्या आवृत्तीतली संपादकीय टिपणं आणि चित्रं अजून बंधनात असू शकतात. मराठी विकिस्रोतावर (हक्कमुक्त पुस्तकांचा मोफत ऑनलाइन संग्रह) आधी शोधा, तयार मजकूर मिळाला तर टंकन वाचेल.

कोपरीकर

शेवटचं एक. आमच्या एका सभासद काकूंची दृष्टी जवळजवळ गेली आहे. त्यांना हवं असलेलं पुस्तक २०१५ चं, ई-आवृत्ती नाही. त्यांच्यापुरतं काही करता येतं का?

अक्षरजुळारी

येतं, आणि परवानगीही मागावी लागत नाही. कलम ५२ मध्येच अपंग व्यक्तींसाठी सुगम स्वरूपात प्रत करण्याची वेगळी तरतूद आहे, २०१२ पासून. अंधांसाठीच्या मराकेश करारालाही सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच, २०१४ मध्ये. अटी अशा: नेहमीच्या स्वरूपात त्यांना वाचता येत नसावं, प्रत फक्त अशाच वाचकांना मिळावी, आणि निर्मितीखर्चाहून जास्त पैसे घेऊ नयेत.

आधी सुगम्य पुस्तकालयात (अशा वाचकांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय) ते तयार आहे का बघा. नसेल तर स्कॅन करून गूगल डॉक्समधून मराठी अक्षरओळख करून घ्या (म्हणजे पानाच्या चित्राचा मजकूर होतो), प्रत्येक पानाच्या वरचं पुस्तकाचं नाव आणि पानक्रमांक काढून टाका (नाहीतर आवाज तेही दर पानाला वाचतो), प्रकरणांना शीर्षकाची शैली लावा म्हणजे त्यांना उडी मारता येईल, आणि ई-पब म्हणून जतन करा. फोनमध्ये मराठी आवाज आधी उतरवून ठेवावा लागतो. वाचनालयात एक वेगळी वही ठेवा: कोणतं पुस्तक, कोणासाठी, कधी केलं, प्रत कुठे आहे. पुढे कोणी विचारलं तर ती वहीच दाखवायची.