मुलाच्या कब स्काऊट डेनची लीडर मीच आहे. आई कधी आणि लीडर कधी, हे जमत नाहीये

वुल्फची_आई (कोलंबस, ओहायो)

नमस्कार मंडळी,

लेक सात वर्षांचा, दुसरीत आहे. कब स्काऊटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काऊटिंगमध्ये, किंडरगार्टनला लायन झाला, पहिलीत टायगर, आता वुल्फ, अशा इयत्तेनुसार पायऱ्या असतात. एका पायरीच्या मुलांचा छोटा गट म्हणजे डेन. लायन आणि टायगरला पालकाने मुलासोबत थांबायचंच असतं. त्यामुळे दोन वर्षं दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात, त्याच्या शेजारच्या बुटक्या खुर्चीत मी बसलेली असायचे. कात्री धरायची, गोंदाचं झाकण उघडून द्यायचं आणि बाकी वेळ त्याच्याकडे बघत राहायचं, एवढंच माझं काम.

ऑगस्टमध्ये आमच्या डेन लीडर दुसऱ्या राज्यात राहायला गेल्या. पॅकच्या (सगळ्या डेन मिळून होणाऱ्या गटाच्या) बैठकीत "ही डेन कोण घेईल?" असं विचारलं तेव्हा कोणीच बोललं नाही. कोणी घेतली नसती तर आठ मुलांची डेन मोडून मुलं इकडेतिकडे वाटली गेली असती. मी हात वर केला. कोणी भरीला घातलं नव्हतं, मला खरंच करायचं होतं. नाशिकला शाळेत मी गाईड होते. शिबिरातली ती पहाटेची थंडी, रांगेत उभं राहून हातात घेतलेला ॲल्युमिनियमचा मग, हे सगळं माझ्या मुलालाही मिळावं असं फार वाटतं. ऑनलाइन प्रशिक्षण केलं, बॅकग्राउंड चेक झाला, खाकी शर्ट आणला, खांद्यावर निळ्या पट्ट्या लावल्या.

पहिली मीटिंग छान झाली. दुसऱ्या मीटिंगला मी टेबलावर ओढणीखाली सहा वस्तू झाकून ठेवल्या होत्या: पाण्याची बाटली, प्रथमोपचाराची पिशवी, टॉर्च, खाऊ, सनस्क्रीन आणि शिट्टी. भटकंतीला निघताना प्रत्येक कबने सोबत ठेवायच्या त्या सहा. मुलांनी ओळखायचं की खाली काय असेल आणि ते कशासाठी. आमच्या लेकाला सगळं माहीत होतं, आदल्या रात्री ती पिशवी त्यानेच माझ्याबरोबर भरली होती. प्रत्येक वेळी पहिला हात त्याचा. आणि प्रत्येक वेळी मी दुसऱ्या कोणाला तरी विचारत होते, कारण स्वतःच्या मुलाला पुढे केलं असं कोणाला वाटायला नको. चौथ्या वेळी त्याने शिट्टी उचलली आणि वाजवतच सुटला. तळघरात तो आवाज कसा घुमला असेल, कल्पना करा. मी म्हटलं, "वी डोन्ट डू दॅट, बडी." तो टेबलाखाली गेला आणि मीटिंग संपेपर्यंत बाहेर आला नाही.

गाडीत बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू तो शर्ट घातलास की माझ्याशी इंग्रजीत बोलतेस."

आमच्या घरात फक्त मराठी. तो जन्मल्यापासून आम्ही दोघांनी हा नियम पाळलाय. मी त्याच्याशी इंग्रजीत बोलले ते मला कळलंसुद्धा नव्हतं, आणि 'बडी' तर मी त्याला आयुष्यात कधी म्हटलं नाही.

त्यानंतर दोन मीटिंगा झाल्या. एकीत तो माझ्या शर्टाची बाही सोडायला तयार नव्हता, दुसरीत जायचंच नाही म्हणून बुटांची लेस बांधू देईना. मित्र मात्र त्याला सगळे हवे आहेत, घरी त्यांच्याच गोष्टी चालतात.

सगळ्यांसमोर त्याच्याशी मराठीत बोलावं का? बाकीच्या मुलांना आम्ही काहीतरी लपवून बोलतोय असं वाटेल, ही भीती वाटते. वसंतात पॅकचा पहिला रात्रीचा कॅम्प आहे, त्यासाठी मी बालू प्रशिक्षणाला (लीडरना कॅम्पसाठी तयार करणाऱ्या) नाव दिलंय. तिथेही हेच झालं तर? ज्यांनी स्वतःच्या मुलाची डेन किंवा पथक चालवलंय त्यांनी कृपया अनुभव सांगा. मी हे पद सोडावं का, तेही मोकळेपणाने सांगा.

---

टॉरन्सचा_बाबा (दक्षिण कॅलिफोर्निया)

ताई, आधी एक सांगतो. सोडू नका, निदान या वर्षी तरी.

मी मोठ्याची डेन टायगरपासून ॲरो ऑफ लाइट या कबच्या शेवटच्या पायरीपर्यंत चालवली. आता तो ट्रूपमध्ये (मोठ्या मुलांच्या पथकात) आहे आणि धाकटीची डेन माझ्याकडे आहे. (संस्थेचं नाव २०२५ मध्ये स्काऊटिंग अमेरिका झालं, आमच्या तोंडी अजून बीएसए, म्हणजे जुनं बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिकाच येतं.) टेबलाखाली गेलेली मुलं मी पुष्कळ पाहिली. त्यातली निम्मी तरी लीडरचीच असायची. त्यांना शिस्त नसते म्हणून नाही. इतर मुलांना तिथे एक लीडर नवीन मिळतो, यांच्या हातून मात्र एक माणूस जातो.

नियमाने प्रत्येक मीटिंगला २१ वर्षांवरची दोन नोंदणीकृत मोठी माणसं लागतातच. तुमच्याबरोबर दुसरं कोण असतं? दर वेळी वेगळं कोणी येत असेल तर ते बदला. एका पालकाला रीतसर असिस्टंट डेन लीडर करून घ्या आणि त्यांना स्पष्ट सांगा की माझ्या मुलाचे लीडर तुम्ही. तो हात वर करेल तेव्हा त्याला तुम्ही विचारायचं, शिट्टी वाजवली तर तुम्ही बोलायचं. मी त्यांच्या मुलीचं बघतो, ते माझ्या मुलाचं, अशी आमची वाटणी पाच वर्षं टिकली.

दुसरं, जवळच्या ट्रूपच्या स्काऊटमास्टरना विचारून एक डेन चीफ मागून घ्या. बारा-तेरा वर्षांचा मोठा स्काऊट असतो, डेनला मदत करतो, त्यात त्याचंही शिकणं होतं. सात वर्षांच्या मुलाला तुम्ही-आम्ही सांगितलेलं आणि तेरा वर्षांच्या दादाने सांगितलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक. आमच्याकडे आलेला मुलगा फारसा बोलायचा नाही, पण तो खाली बसला की आठही पोरं खाली बसायची.

"स्वतःच्या मुलाला पुढे केलं असं वाटायला नको" याबद्दल मला जरा वेगळं म्हणायचंय. पाइनवुड डर्बी तुमच्याकडेही होत असेल. ती सुरू झाली १९५३ मध्ये, आमच्या घरापासून थोड्या अंतरावर मॅनहॅटन बीचला. तिथले कबमास्टर (पॅकचे प्रमुख) डॉन मर्फी यांचा दहा वर्षांचा मुलगा सोपबॉक्स डर्बीत, म्हणजे मुलं आत बसून चालवतात त्या बिनइंजिनच्या गाड्यांच्या शर्यतीत, उतरायला लहान पडत होता. म्हणून त्यांनी हातात मावेल अशा लाकडी गाडीची शर्यत काढली. मनात स्वतःचा मुलगा होता आणि खेळ सगळ्या पॅकला मिळाला, पुढे देशभरच्या कब्सना. तुमच्या लेकाला त्या सहा वस्तू पाठ होत्या. ओढणी उचलायचं काम त्याला दिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

कॅम्पची काळजी करू नका. कब्सच्या कॅम्पमध्ये पालक आपल्या मुलाबरोबर एका तंबूत झोपू शकतात. रात्री तो तुमचाच आहे. बालू प्रशिक्षण मात्र टाळू नका, पॅकच्या कॅम्पला ते झालेलं निदान एक माणूस लागतंच. आणि शाकाहारी जेवणाचं आधीच सांगून ठेवा, नाहीतर हॉट डॉगच्या पावावर केचप लावून भागवायची वेळ येते. आमच्यावर आली होती.

---

एडिसनकर_आई

मी वेगळं सांगते, रागावू नका.

मी वर्षभर डेन लीडर होते आणि मग सोडलं. माझी मुलगी तुमच्या लेकासारखीच होती. दर मीटिंगनंतर रडणं. मी फेब्रुवारीपर्यंत रेटलं, तेवढं रेटायला नको होतं असं आज वाटतं. नंतर पॅक कमिटीत गेले, दोन वर्षं खजिनदारी केली, शरद ऋतूतल्या पॉपकॉर्न विक्रीचा सगळा हिशोब ठेवला. किराणा दुकानाच्या दाराशी टेबल लावून मुलं विक्रीला उभी राहायची, तिथे मी असायचे, पण तिची लीडर म्हणून नाही. तिचं स्काऊटिंग तिचं झालं. घरी आल्यावर मला सांगायला तिच्याकडे गोष्टी असायच्या. मी स्वतः तिथे असताना तिने मला काय सांगणार?

डेन मोडेल ही भीती खरी आहे, पण ती सगळी तुमच्या एकटीच्या डोक्यावर नाही. आठ मुलांचे पालक आहेत. प्रत्येक घराने एक-एक ॲडव्हेंचर (वर्षभरात पुरे करायचा उपक्रम) चालवायला घेतलं तर वुल्फची सहा सक्तीची आणि दोन ऐच्छिक, बरोबर आठ होतात. त्यांच्याकडे जाऊन नावानिशी मागा. सगळ्यांना मिळून विचारलं की कोणी बोलत नाही, एकेकाला विचारलं की नाही म्हणणं जड जातं.

मराठीबद्दल: मी सगळ्यांसमोर लेकीशी मराठीत बोलायचे. एका मुलाने विचारलं, तू तिला काय सांगितलंस? मी त्याला सांगितलं. तिथेच संपलं.

---

निवृत्त_स्काऊटमास्तर (सातारा जिल्हा, सध्या डॅलसला मुलीकडे)

ताई, नमस्कार. इथलं स्काऊटिंग मी नातवाबरोबर आत्ताच बघतोय, त्यामुळे तुमच्या नियमांवर मी काही बोलणार नाही. माझी एकोणतीस वर्षं हायस्कूलवर गेली, त्यातली बावीस स्काऊट पथकात. स्काऊटमास्तरांची प्रशिक्षणं सगळी केली: बेसिक, ॲडव्हान्स, मग हिमालय वुड बॅज. गळ्यातल्या दोरीला ते दोन लाकडी मणी आहेत, इथल्या एका लीडरच्या गळ्यात तेच पाहिले तेव्हा फार बरं वाटलं. आम्ही डाव्या हाताने हस्तांदोलन केलं.

माझा मुलगा माझ्याच शाळेत, माझ्याच पथकात होता. आठवीत असताना त्याच्या संघातल्या मुलांनी त्याला संघनायक निवडलं. मी ते मोडलं. मास्तरचा मुलगा म्हणून निवडला असं गावात बोललं जाईल, या भीतीने दुसऱ्या मुलाचं नाव जाहीर केलं. तो मुलगाही चांगला होता, पण मुलांनी निवडलेला नव्हता. माझ्या मुलाने तोंडातून शब्द काढला नाही. स्काऊटची तृतीय सोपान ही पायरी पूर्ण केली, त्यापुढच्या राज्य पुरस्काराच्या तयारीला मात्र आला नाही. क्रिकेट आवडतं म्हणाला. शिबिराला इतर मुलांच्या गाठी मी दोन-दोनदा तपासायचो, चुकली तर हात धरून दाखवायचो. त्याची गाठ लांबूनच बघून पुढे जायचो. त्याला येतच असणार, हे मी गृहीत धरलेलं. पुष्कळ वर्षांनी त्याच्या आईकडून कळलं की तो रात्री खाटेच्या पायाला खुंटीगाठ बांधत बसायचा, उद्या बाबा बघतील म्हणून.

तेव्हा तुम्हाला इतकंच सांगतो. आठ मुलं असतील तर आठव्याची गाठसुद्धा हातात घेऊन बघा. त्याचा आठवा वाटा त्याला पुरा द्या. जास्त देऊ नका, पण कमी तर मुळीच नको. लोक जास्त दिलेलं मोजतात, कमी दिलेलं फक्त मूलच मोजतं.

भाषेचं मला असं वाटतं की पोराने तुम्हाला मार्ग दाखवलाय. शर्ट घरी घालू नका. तिथे गेल्यावर, दारात त्याच्यासमोर घाला. स्कार्फ त्याला अडकवू द्या. परत निघताना काढा आणि मग गाडीत बसा.

पॉपकॉर्नवरून आमची 'खरी कमाई' आठवली. मुलं बूट पॉलिश करायची, अंगण झाडायची, कष्टाचे पैसे आणायची. माझ्या मुलाने आणलेले साडेचार रुपये मी वहीत लिहिले, पण त्याला शाबासकी दिली की नाही ते आठवत नाही.

---

वुल्फची_आई

काका, तुमचं उत्तर मी नवऱ्याला वाचून दाखवलं. दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. तुमच्या मुलाला हे तुम्ही कधी सांगितलंत का? सांगितलं नसेल तर सांगा, एवढं हक्काने म्हणते.

तीन आठवड्यांनी लिहितेय, कारण आधी करून बघायचं होतं.

शर्ट आता गाडीच्या मागच्या सीटवर घडी घालून असतो. चर्चच्या पार्किंगमध्ये लेक मला स्कार्फ घालतो, वॉगल (स्कार्फची कडी) वर सरकवतो आणि "आता लीडर" म्हणतो. परत आल्यावर तोच काढतो. पहिल्या दिवशी त्याने घाईने ओढला, मान खरचटली माझी, पण चेहरा बघण्यासारखा होता त्याचा.

टॉरन्सच्या बाबांनी सांगितल्याप्रमाणे एका मुलीचे वडील असिस्टंट झाले आहेत. फोन करून मागितलं, लगेच हो म्हणाले. मला वाटतं ऑगस्टमध्येही म्हणाले असते, कोणी थेट विचारलं नव्हतं. आमच्या लेकाचे लीडर ते. गेल्या मंगळवारी त्याने सगळ्यांसमोर आमच्या कुटुंबाबद्दल सांगितलं, त्यात पणजोबा पायी पंढरपूरला जायचे हे त्याने सांगितलं. किती मैल, कुठे झोपायचे, असं मुलांनी विचारलं, कारण एक मैलाची भटकंती नुकतीच झाली होती आणि सगळ्यांना आपापले दमलेले पाय आठवत होते. मी मागे बसून ऐकलं. हे मी विचारलं असतं तर तो बोलला नसता.

डेन चीफचं बोलणं चालू आहे, एक मुलगा यायला तयार आहे, त्याचं प्रशिक्षण व्हायचंय.

मराठी मी बोलते, उघड बोलते. मीटिंगच्या सुरुवातीला मुलं रांगेत उभी राहून मोजणी करतात, ती आता मराठीत होते. 'आठ' म्हणणारा मुलगा 'आट' म्हणतो आणि आमचा लेक त्याला दुरुस्त करतो, फार गंभीरपणे.

एडिसनकर ताई, तुमचं म्हणणं मी सोडून दिलेलं नाही. बेअरच्या (वुल्फनंतरच्या पायरीच्या) वर्षाआधी लेकालाच विचारणार आहे, की आईने लीडर राहावं का. तो जे म्हणेल ते करेन. इतर घरांना एकेक ॲडव्हेंचर वाटलंय, आठपैकी पाच जणांनी घेतलंय.

परवा एकदा रडला. टेबलाखाली नाही गेला, माझ्याकडे आला. मी शर्टातच होते. उचलून घेतलं.

पाइनवुड डर्बीचे खोके काल मिळाले. सात इंचांचा ठोकळा, चार चाकं, चार खिळे, सगळं मिळून पाच औंसांच्या आत. त्याला गाडी भाकरीसारखी गोल करायची आहे. गोल गाडी पळेल का माहीत नाही, पण करवत तो धरणार, मी ठोकळा धरणार. बाबा, वजनासाठी खाली काय चिकटवायचं आणि ग्राफाइट (चाकं सहज फिरावीत म्हणून लावायची पूड) चाकांना कधी लावायचं, तेवढं सांगाल का?

---

टॉरन्सचा_बाबा

वजन मागच्या चाकांच्या जरा पुढे लावा, टंगस्टन मिळालं तर उत्तम. ग्राफाइट रंग पूर्ण वाळल्यावर, चाकं बसवताना. जुना टी-शर्ट घालून करा, सगळं काळं होतं. गाडी गोल असली तरी चालेल, चाकं मात्र सरळ बसवा. आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी वजन करून घ्या, तिथे जाऊन छिद्रं पाडत बसावं लागलं की मुलं फार हिरमुसतात.